विश्लेषण : तीन शाहीर आणि एक डफ... ‘लाल बावटा कलापथका’मागची माणसे कोण होती?

घाटकोपर पश्चिमेच्या चिरागनगरचे नाव वर्षातून दोनदा हमखास बातमीत येते. १८ जुलैला आणि १ ऑगस्टला. पहिली तारीख लोकशाहीर अण्णा भाऊ साठे यांच्या स्मृतिदिनाची, दुसरी जयंतीची. या वस्तीतल्या एका झोपडीत त्यांनी आयुष्यातली ऐन उमेदीची वर्षे काढली. तिथे त्यांचे भव्य स्मारक व्हावे ही मागणी जुनी आहे, सरकारी घोषणाही नव्या नाहीत. सप्टेंबर २०२२ मध्ये तर मॉस्कोतल्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात त्यांचा पुतळा बसला. पण फलकावर नेहमी एकट्या अण्णा भाऊंचे छायाचित्र असते. ते ज्या कलापथकातून मुंबईभर ऐकले गेले, ते एकट्याचे नव्हते. ते कोणी उभे केले, कशावर चालले आणि त्याचा धागा पुढे मुलुंडच्या एका झोपडपट्टीपर्यंत कसा पोहोचला, याचा हा आढावा.

कलापथक म्हणजे नेमके काय?

तमाशाचा फड असतो, नाटकाची कंपनी असते, भजनाचे मंडळ असते. फड आणि कंपनी तिकिटावर चालतात, मंडळ श्रद्धेवर. कलापथक या तिन्हींहून वेगळे. काही सांगायचे आहे म्हणून गाणारा तो गट. मालक नाही, नफ्यातला वाटा नाही. आजच्या भाषेत त्याला ‘ना-नफा संस्था’ म्हणता येईल, फक्त तिची नोंद कोणत्याही कार्यालयात नव्हती.

ही कल्पना १९४४ साली आकाशातून पडलेली नाही. सत्यशोधक समाजाच्या जलशांनी तमाशाचा साचा घेऊन त्यात भटशाही-सावकारशाहीवरची टीका भरली होती. १९३० च्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. गावोगावच्या निरक्षर माणसापर्यंत वर्तमानपत्र पोहोचत नव्हते, जलसा पोहोचत होता. ‘लाल बावटा’ने ही रीत गिरणगावात आणली आणि तिला कामगार चळवळीचा मजकूर दिला.

तिघे एकत्र कसे आले?

तुकाराम भाऊराव साठे, म्हणजेच अण्णा भाऊ, यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० चा, वाळवा तालुक्यातल्या वाटेगावचा, मातंग कुटुंबातला. शाळा दीड दिवसाची, असे सांगितले जाते. तिशीच्या दशकाच्या सुरुवातीला साठे कुटुंब वाटेगावहून मुंबईला आले ते पायी, वाटेत मिळेल ते काम करत. मुंबईत अण्णा भाऊंनी हमाली केली, हॉटेलात काम केले, गिरणीत काम केले. दुकानांच्या पाट्या आणि सिनेमाची पोस्टरे वाचत अक्षर पक्के केले. नात्यातल्या बापू साठे यांचा तमाशा होता, तिथे ढोलकी-तुणतुण्याचा हात बसला. माटुंग्याच्या लेबर कॅम्पमध्ये कम्युनिस्ट कार्यकर्त्यांची ओळख झाली. तिथल्या रहिवाशांना छळणाऱ्या डासांवर त्यांनी गाणे रचले, ही त्यांच्या शाहिरीची सुरुवात मानली जाते. विषय क्षुल्लक वाटेल, पण लेबर कॅम्पात राहणाऱ्याला तो क्षुल्लक नव्हता. पुढे दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ‘स्टालिनग्राडचा पोवाडा’ लिहिला आणि त्यांचे नाव कामगार वस्त्यांबाहेर गेले.

अमर शेख हे बार्शीचे. मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल, जन्म २० ऑक्टोबर १९१६. मोटारगाडीवर क्लीनर, मग गिरणी कामगार, मग संपातला पुढारी. आई मुनेरबी यांच्याकडून ओव्या आणि लोकगीते त्यांच्या कानावर पडली होती. एका मुसलमान घरातल्या मुलाच्या गळ्यात बार्शीच्या जात्यावरचे मराठी बसले, आणि तोच गळा पुढे महाराष्ट्राच्या मैदानांवर घुमला. मैदानावरच्या मोठ्या जमावाला पुरून उरणारा आवाज अशी त्यांची ख्याती होती. नंतर त्यांचे ‘कलश’ आणि ‘धरतीमाता’ हे काव्यसंग्रह आले. ‘प्रपंच’ चित्रपटातली त्यांची भूमिकाही जुन्या प्रेक्षकांना आठवत असेल.

तिसरे द. ना. गव्हाणकर. तिघांत यांचेच नाव सर्वांत कमी घेतले जाते. ते स्वतः शाहीर होते, लिहीत होते, गात होते. चळवळींच्या इतिहासात असे नेहमीच होते. एकाचा आवाज लक्षात राहतो, एकाची लेखणी; उरलेल्याचे नाव ‘आणि’च्या पुढे येते.

१९४४ साली या तिघांनी ‘लाल बावटा कलापथक’ स्थापन केले. एक मातंग, एक मुसलमान आणि एक गव्हाणकर एकाच डफावर उभे राहिले, ही त्या काळातली साधी गोष्ट नव्हती. ज्या तमाशाचे कलावंत मुख्यतः महार-मांग समाजातले आणि म्हणून ज्याला पांढरपेशा समाज नाक मुरडत असे, तो प्रकार त्यांनी राजकीय सभेच्या व्यासपीठावर आणला.

तमाशाचे लोकनाट्य कसे झाले?

या कलापथकाचे खरे काम इथे आहे, म्हणून जरा तपशिलात जायला हवे. पारंपरिक तमाशाची एक ठरलेली चढण असते. आधी गण, म्हणजे गणपतीचे स्तवन. मग गौळण, तीत कृष्ण, पेंद्या, मावशी आणि मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी. मग बतावणी, हजरजबाबी थट्टेची. शेवटी वग, म्हणजे गोष्ट.

अण्णा भाऊंनी ही चढण मोडली नाही, तिच्यातला मजकूर बदलला. गण राहिला, पण त्यात वंदन मातृभूमीला, शिवरायांना, कष्टकऱ्यांना आणि हुतात्म्यांना. गौळण जवळपास गळाली. बतावणीतला सोंगाड्या राहिला, कारण त्याच्याशिवाय लोक बसत नाहीत. फक्त त्याची जीभ आता पाटील-सावकाराबरोबर गिरणीमालक आणि पुढाऱ्यावरही चालू लागली. वगात राजा-राणीच्या जागी रेशन, काळाबाजार, निवडणूक, घरभाडे आले. ‘अकलेची गोष्ट’, ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘देशभक्त घोटाळे’, ‘बेकायदेशीर’, ‘पुढारी मिळाला’, ‘मूक मिरवणूक’, ‘लोकमंत्र्यांचा दौरा’, ‘माझी मुंबई’ ही नावे वाचली तरी रोख कळतो.

पोवाड्याची रचना तर सभेसाठीच केल्यासारखी आहे. मुख्य शाहीर डफावर थाप मारून कडवे उचलतो, मागचे झीलकरी ‘जी’ धरून ते पुढे नेतात. त्या दोन-तीन सुरांच्या अवधीत शाहिराला दम घेता येतो, पुढची ओळ आठवता येते, समोरच्या जमावाचा अंदाज घेता येतो. मध्येच गाणे थांबवून गद्यात चार वाक्ये बोलता येतात. म्हणजे एकच माणूस गायक, वक्ता आणि वार्ताहर. नेपथ्य लागत नाही, पडदा लागत नाही. डफ, ढोलकी, तुणतुणे, झांज आणि चार गळे असले की चाळीच्या पटांगणात कार्यक्रम उभा राहतो. बंगालच्या दुष्काळावर, फाळणीच्या दंग्यांवर, तेलंगणाच्या लढ्यावर अण्णा भाऊंचे पोवाडे आले. त्या वेळच्या कामगाराला दूरच्या प्रांतातली बातमी अनेकदा अशी चालीत कळली.

छक्कड आणि लावणी यांचा वापर त्याहून धाडसी होता. हे प्रकार शृंगाराचे. अण्णा भाऊंनी ‘मुंबईची लावणी’ लिहिली ती शहराच्या दोन तोंडांवर, मलबार हिलवर आणि परळवर. ‘माझी मैना’ ही छक्कड ऐकताना आधी वाटते की मुंबईला कामाला आलेला गडी गावी राहिलेल्या बायकोच्या आठवणीने व्याकूळ झाला आहे. सातारा-सांगली-कोल्हापूरच्या आणि कोकणच्या गिरणी कामगारांचे तेच तर आयुष्य होते. बिऱ्हाड गावाला आणि खाट खानावळीच्या खोलीत पाळीपाळीने. पण गाणे पुढे सरकते तशी मैनेची जागा बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव घेतात. विरहाचे गाणे बघता बघता सीमाप्रश्नाचे होते. राज्य पुनर्रचनेचा गुंता इतक्या थोडक्यात आणि इतक्या आतून दुसऱ्या कोणी समजावून सांगितल्याचे उदाहरण मराठीत सापडणे कठीण.

अंधेरीचा संबंध कुठे येतो?

त्याच काळात उपनगराच्या दुसऱ्या टोकाला वेगळाच प्रयोग चालू होता. २५ मे १९४३ रोजी मुंबईत ‘इप्टा’ची, म्हणजे भारतीय जननाट्य संघाची स्थापना झाली. तिचे मध्यवर्ती पथक अंधेरीत एकत्र राहून सराव करत असे. नृत्यकार शांती बर्धन, संगीतकार रविशंकर, गायक बिनय रॉय ही मंडळी त्यात होती. ‘सारे जहाँ से अच्छा’ची आज सर्वांना माहीत असलेली चाल रविशंकरांनी इप्टासाठीच बांधली. इप्टाचे नगारा वाजवणाऱ्याचे बोधचिन्ह काढणारे चित्रकार चित्तप्रसादही अंधेरीत एका खोलीत राहत.

अंधेरीच्या पथकाकडे शिक्षित नर्तक-संगीतकार होते आणि देशभरातल्या लोककला गोळा करून त्यांतून नवे बॅले रचण्याची दृष्टी होती. ‘लाल बावटा’कडे लोककला गोळा करण्याची गरजच नव्हती, ती माणसे तिच्यातूनच आली होती. फरक एवढाच नाही. अंधेरीचे पथक पक्षाच्या धोरणाबरोबर चाळीसच्या दशकातच विस्कटले. बर्धन यांनी १९५२ मध्ये ‘लिटिल बॅले ट्रूप’ काढली आणि दोनच वर्षांत त्यांचे निधन झाले. शाहीर मात्र गात राहिले. १९४९ साली अलाहाबादच्या अधिवेशनात इप्टाचे अखिल भारतीय अध्यक्षपद अण्णा भाऊंकडे आले. दीड दिवस शाळेत गेलेला माणूस देशातल्या नामांकित नाटककार-अभिनेत्यांच्या संघटनेचा अध्यक्ष झाला, ही घटना मराठीत हवी तितकी सांगितली जात नाही.

सरकारशी कलापथकाचे कसे जमले?

जमले नाहीच. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्याच वर्षांत मुंबई सरकारने तमाशावर निर्बंध आणले. कारण अश्लीलतेचे दिले गेले, पण राजकीय तमाशेही त्यात सापडले. ‘लाल बावटा’च्या प्रयोगांवर बंदी आली. कम्युनिस्ट कार्यकर्त्यांची धरपकड त्याच सुमारास सुरू होती. तमाशा म्हटले की परवानगी नाही, म्हणून ‘लोकनाट्य’ हा शब्द पुढे आला. आज सरकारी महोत्सवांच्या निमंत्रणपत्रिकेवर जो शब्द प्रतिष्ठेने छापला जातो, त्याचा प्रसार असा पोलिसी परवान्याच्या खिडकीतून झाला आहे.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात मात्र या शाहिरांना अडवणे कोणालाच शक्य झाले नाही. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटन येथे गोळीबार झाला, ६ फेब्रुवारी १९५६ रोजी संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली आणि १ मे १९६० पर्यंत सभा कोणत्याही पुढाऱ्याची असो, सुरुवात शाहिराची, असा शिरस्ता पडला. आचार्य अत्रे यांचे भाषण ऐकायला आलेले लोक आधी अमर शेख यांना ऐकत. अण्णा भाऊ, गव्हाणकर, आत्माराम पाटील यांची गाणी त्या पाच वर्षांत घरोघरी गेली.

मग पैसा कुठून येत होता?

हा प्रश्न शाहिरांच्या गौरवग्रंथांत फारसा विचारला जात नाही. पक्ष, संघटना, कामगार सभा आणि श्रोत्यांची वर्गणी यांवर कार्यक्रम होत. पथकाचा खर्च निघे, कलावंताचा संसार निघेलच असे नाही. अण्णा भाऊंना त्यासाठी लेखणीकडे वळावे लागले आणि त्यांनी अफाट लिहिले. तीसहून अधिक कादंबऱ्या, कथासंग्रह, लोकनाट्ये, प्रवासवर्णन. १९५९ ची ‘फकिरा’ डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या लेखणीला अर्पण केलेली आहे. तिला १९६१ मध्ये राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी ते रशियाला जाऊन आले. ‘फकिरा’, ‘वैजयंता’, ‘वारणेचा वाघ’ या कादंबऱ्यांवर चित्रपट निघाले. आणि तरीही पत्ता चिरागनगरची झोपडी हाच राहिला. शेजारपाजारच्या माणसांवर त्यांनी कथा लिहिल्या, ‘चिरागनगरची भुतं’ हे पुस्तकाचे नावच आहे. त्या गरिबीचे आता कौतुक होते. ते थोडे जपून व्हायला हवे, कारण ती त्यांनी हौसेने पत्करलेली नव्हती.

अखेरच्या काळात ते गोरेगावच्या सिद्धार्थनगर वसाहतीत राहायला गेले. तिथेच १८ जुलै १९६९ रोजी, वयाच्या ४९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. बरोबर ४२ दिवसांनी, २९ ऑगस्टला, इंदापूरजवळ मोटार अपघातात अमर शेख गेले. कलापथकाचे दोन खांब दीड महिन्यात कोसळले.

विलास घोगरे कोण होते?

पुढची पिढी वेगळ्या मुंबईत गात होती. गिरणगाव खचत होते आणि कष्टकरी वस्ती कुर्ला, घाटकोपर, विक्रोळी, भांडुप, मुलुंडच्या टेकड्या-नाल्यांकडे सरकली होती. सत्तरच्या दशकानंतर ‘आव्हान नाट्य मंच’सारखे गट उभे राहिले. संभाजी भगत त्यातून पुढे आले. मुलुंडच्या झोपडपट्टीत राहणारे विलास घोगरे हे त्यांच्यापैकीच, गीतकार आणि गायक. झोपडपट्ट्या पाडण्याच्या मोहिमेवरचा आनंद पटवर्धन यांचा ‘बॉम्बे : हमारा शहर’ हा १९८५ चा माहितीपट ज्यांनी पाहिला आहे, त्यांनी घोगरे यांचा आवाज ऐकला आहे.

११ जुलै १९९७ च्या सकाळी घाटकोपर पूर्वेला माता रमाबाई आंबेडकर नगरातल्या डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला आढळला. रहिवासी रस्त्यावर आले. राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात १० जणांचा मृत्यू झाला. प्रकरणाच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती गुंडेवार आयोग नेमला गेला. गोळीबाराचा आदेश देणारे उपनिरीक्षक मनोहर कदम यांना सत्र न्यायालयाने २००९ मध्ये दोषी ठरवून जन्मठेप सुनावली, पुढे उच्च न्यायालयातून त्यांना जामीन मिळाला.

गोळीबारानंतर काही दिवसांतच घोगरे यांनी मुलुंडच्या घरी आत्महत्या केली. आयुष्यभर लाल झेंड्याखाली गायलेल्या या शाहिराने अखेरच्या क्षणी डोक्याला निळी पट्टी बांधली होती. पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा तीन तासांहून मोठा माहितीपट या निळ्या पट्टीचा अर्थ शोधत निघतो. तो पूर्ण व्हायला १४ वर्षे लागली. घोगरे ज्या संघटनेसाठी गात होते तिने त्याआधी त्यांना बाहेर काढले होते, ही अडचणीची गोष्टही तो लपवत नाही. जात आधी की वर्ग आधी, हा वाद अण्णा भाऊंच्याही आयुष्यात होता. २ मार्च १९५८ रोजी मुंबईत झालेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनी केले तेव्हा पृथ्वी शेषाच्या फण्यावर नव्हे तर कष्टकऱ्यांच्या तळहातावर तरली आहे, असे सांगून त्यांनी दोन्ही बाजू एका वाक्यात बांधल्या होत्या. घोगरे यांच्या वाट्याला ते बांधणे आले नाही.

आज असे पथक काढायचे तर?

कागद बरेच लागतात. किमान सात सभासद जमवून १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली नोंदणी करायची. महाराष्ट्रात त्याबरोबर १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंद होते. मग धर्मादाय आयुक्तांकडे दरवर्षीचे लेखापरीक्षित हिशेब, विश्वस्त बदलले की बदल अर्ज, देणगीदाराला करसवलत हवी असेल तर प्राप्तिकर खात्याकडे वेगळी नोंदणी. हे सारे केले की अनुदानाचा अर्ज करता येतो. केले नाही तर शाहीर व्यक्तिगत मानधनावर जगतो. अनुदान घेणाऱ्या पथकाला ‘लोकमंत्र्यांचा दौरा’ वठवता येईल का, हा प्रश्न कोणत्याही अर्जात विचारलेला नसतो, पण गाणाऱ्याला तो रोज पडतो.

‘कोर्ट’ या २०१४ च्या चित्रपटाचा विषय नेमका हाच. एका म्हाताऱ्या शाहिरावर, त्याचे गाणे ऐकून एका कामगाराने जीव दिला, असा आरोप ठेवून खटला चालतो. राष्ट्रीय पुरस्कार मिळालेल्या या चित्रपटातली गाणी संभाजी भगत यांची. शाहिराची भूमिका करणारे वीरा साथीदार हे नट नव्हे, नागपूरचे कार्यकर्ते. एप्रिल २०२१ मध्ये करोनाने त्यांचा बळी घेतला.

‘लाल बावटा’चे काय शिल्लक आहे?

मजकूर बराचसा आहे. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९९८ मध्ये अण्णा भाऊंचे निवडक वाङ्मय एका जाड खंडात छापले. पोवाडे, लावण्या, लोकनाट्ये त्यात आहेत. मुंबई विद्यापीठाच्या कालिना संकुलात लोककला अकादमी आहे आणि अमर शेख यांच्या नावाचे अध्यासनही. मात्र छापलेला पोवाडा हा अर्धाच पोवाडा. कुठे झीलकऱ्यांनी सूर धरायचा, कुठे डफ थांबवून बोलायचे, सोंगाड्याने कोणत्या ओळीला प्रेक्षकांकडे वळायचे, हे पुस्तकात उतरत नाही. ते एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात जाते. ज्यांनी ते गिरणगावच्या पटांगणात बसून ऐकले, ती पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे. रमाबाई नगराचा पुनर्विकास सुरू झाला असून हजारो कुटुंबे तात्पुरती पांगणार आहेत. भीमजयंतीला तिथे गाणारी मंडळेही त्यांच्याबरोबर. चिरागनगरचे स्मारक उभे राहील तेव्हा त्यात सभागृह, ग्रंथालय, कलादालन असेल. चाली ध्वनिमुद्रित करून ठेवण्याचे काम त्यासाठी थांबण्याची गरज नाही. त्याला लागतो एक फोन, एक दुपार आणि चाल माहीत असलेला म्हातारा माणूस.